फूट माइक, तबला आणि भिंतीतली कॅट ६ : एका नाट्यगृहाचं प्रकरण

तालुक्याच्या गावातलं सुमारे ७०० आसनांचं नाट्यगृह. ध्वनिकक्ष प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीला, आणि डाव्या विंगेपासून तिथपर्यंत तारेचा मार्ग ७० मीटर. जुना १६ चॅनेलचा मल्टिकोअर (एकाच जाड केबलमध्ये अनेक माइक लाइन) आहे, पण त्यातले सहा चॅनेल निकामी झालेले. प्रयोग संगीत नाटकाचा. त्यामुळे नेहमीच्या माइकांखेरीज आणखी चार लाइन हव्यात: रंगमंचाच्या कडेला जमिनीलगत ठेवायचे दोन 'फूट माइक', रंगमंचासमोर बसणाऱ्या तबल्याला एक आणि ऑर्गनला एक. फूट माइक कंडेन्सर जातीचे आहेत, म्हणजे त्यांना मिक्सरकडून फँटम वीज (माइकच्याच तारेतून जाणारी) लागते. तबला आणि ऑर्गनचे माइक डायनॅमिक, त्यांना वीज लागत नाही.

भिंतीतल्या पाइपातून कॅमेऱ्यांसाठी ओढलेली एक कॅट ६ (संगणक नेटवर्कची) केबल पडून होती. दोन्ही टोकांना आरजे ४५ प्लग होते आणि आठ दिव्यांच्या टेस्टरवर दिवे एक ते आठ क्रमाने लागत होते. दोन टोकांना चार चॅनेलच्या दोन पॅसिव्ह पेट्या (एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचे माइक सॉकेट, थेट आरजे ४५ ला जोडणाऱ्या, विजेशिवायच्या) जोडायच्या आणि नेटवर्कची तार मल्टिकोअर म्हणून वापरायची, असं ठरलं. निर्णय योग्य होता. पुढे जे बिघडलं त्यातलं जवळजवळ सगळं तारेच्या टोकांना बिघडलं, आणि म्हणूनच हे प्रकरण तपशिलात मांडण्यासारखं आहे.

ही कल्पना चालते का, याचं उत्तर आधी आकड्यांतच देऊ. कॅट ६ मध्ये पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. बॅलन्स्ड ऑडिओला एका चॅनेलसाठी नेमकी एक पीळदार जोडी लागते. बाहेरून येणारी गुणगुण जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखी बसते, मिक्सर दोन्हींतला फरक घेतो आणि ती वजा होते. जोडीला पीळ देऊन व्यत्यय घालवण्याची युक्ती टेलिफोनमधली आहे. तिचं पेटंट ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं. नेटवर्क केबलचा पीळ साध्या माइक केबलपेक्षा कितीतरी घट्ट असतो, शिवाय चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या अंतराने दिलेला असतो, म्हणजे शेजारच्या जोड्या एकमेकींशी सूर धरत नाहीत. जोडीतली धारकता (कपॅसिटन्स) मीटरला सुमारे ५० ते ५६ पिकोफॅरड, म्हणजे ७० मीटरला ३.५ ते ३.९ नॅनोफॅरड. २०० ओहमच्या माइकला एवढी धारकता जोडली तर वरचे स्वर कापले जाण्याची सीमा २०० किलोहर्ट्झच्या आसपास येते. कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ. तांब्याच्या २३ गेज तारेचा जाऊन-येऊन रोध ७० मीटरला साधारण ९.४ ओहम. २००० ओहमच्या माइक इनपुटपुढे हा नगण्यच. आवाजाच्या दर्जाबाबत ही तार चांगल्या माइक केबलच्या खाली कुठेही राहत नाही, हे ठामपणे सांगता येतं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायचा. पिकअप लावलेलं वाद्य थेट या पेटीत खोचलं आणि पिकअपचा रोध १० हजार ओहम असला, तर तीच सीमा ४ किलोहर्ट्झवर उतरते आणि वाद्य घोंगडीखालून वाजल्यासारखं ऐकू येतं. तिथे डीआय बॉक्स (वाद्याचा संकेत माइकसारखा कमी रोधाचा आणि बॅलन्स्ड करणारी पेटी) लागतोच.

पहिल्या जोडणीत तबला आणि ऑर्गन लगेच आले, फूट माइक दोन्ही मुके. माइक बदलले, मिक्सरचे चॅनेल बदलले, फँटमचं बटण पुन्हा दाबलं, तरी काही नाही. इथे कोडं असं काही नाही. फँटमचे ४८ व्होल्ट एक्सएलआरच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांवरून प्रत्येकी ६.८१ किलोओहमच्या रोधकातून सारखे जातात आणि परत येतात ते १ क्रमांकाच्या पिनवरून, म्हणजे शिल्डवरून (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणावरून). भिंतीतली केबल बिनशिल्डची होती. परतीचा रस्ताच नव्हता. डायनॅमिक माइकला हा रस्ता लागत नाही, म्हणून दोन चालले आणि दोन बंद राहिले.

शिल्डची केबल हाती नसताना यावर एक जुना, प्रामाणिक उपाय आहे: तपकिरी जोडीचा बळी द्यायचा. दोन्ही पेट्यांत ७ आणि ८ क्रमांकाच्या तारा एकत्र करून सगळ्या एक्सएलआरच्या पिन १ ला जोडायच्या. चारऐवजी तीन चॅनेल उरतात, पण फँटम पोचतो. ४ मिलिअँपियर खाणाऱ्या माइकला मिक्सरच्या रोधकांतच १३.६ व्होल्ट जातात. या तारेत जाणारा व्होल्टेज काही शतांश व्होल्टच्या आतच राहतो. ऑर्गन जुन्या मल्टिकोअरच्या एका धड चॅनेलवर हलवला. चॅनेल १ वर डावा फूट माइक, २ वर उजवा, ३ वर तबला. तिन्ही बोलू लागले.

खरा त्रास यानंतर सुरू झाला. प्रकाशयोजनेची तालीम लागली, डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) अर्ध्यावर आले आणि चॅनेल २ आणि ३ वर घरघर उठली. चॅनेल १ स्वच्छ. दिवे पूर्ण बंद केले की घरघर नाहीशी, पूर्ण उजळले की बरीच कमी, मधल्या पातळीला सर्वांत जास्त. ही डिमरची ओळखीची खूण आहे: अर्ध्या उजेडाला डिमर प्रत्येक अर्धलहरीच्या मध्यावर वीज तोडून जोडतो, आणि ५० हर्ट्झच्या आपल्या विजेवर त्याची १०० हर्ट्झची करवतीसारखी घरघर उमटते. शिवाय, तबलजींनी चाट (तबल्याच्या कडेवरचा टणक बोल) मारली की ती चॅनेल २ च्या मीटरवरही उडत होती. फूट माइक रंगमंचावर उघडाच असतो, तबला त्याला हवेतून ऐकू जाणारच, असं म्हणून हे सोडून देणं सोपं होतं. सोडून दिलं नाही, हे बरं झालं.

हवेतून आलेला आवाज आणि तारेतून गळलेला आवाज वेगळे करायला एक छोटी वस्तू लागते. रिकाम्या एक्सएलआर प्लगमध्ये पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १५० ओहमचा रोधक सोल्डर करायचा. मिक्सरला हा प्लग म्हणजे न बोलणारा माइक वाटतो. नुसतं सॉकेट उघडं ठेवून चाचणी घेऊ नये; उघडं इनपुट आजूबाजूचं सगळं ओढून घेतं आणि चांगली तारही वाईट भासते. फूट माइक काढून त्याच्या जागी हा प्लग लावला. मिक्सरच्या चॅनेल २ चा गेन (संकेत वाढवण्याचं प्रमाण) होता तिथेच ठेवला, हेडफोन लावला, तबल्यावर चाट मारायला सांगितली. माइक नसताना चाट ऐकू आली. टणक, पातळ, वरच्या स्वरांचीच. बायाचा (डग्ग्याचा) घुमारा जवळजवळ नव्हता. ही गळती धारकतेतून होत असल्याची खूण: अशा गळतीत कंपनसंख्या दुप्पट झाली की पातळी ६ डेसिबलने वाढते, म्हणून चाट जाते आणि घुमारा मागे राहतो.

एक चॅनेल स्वच्छ, मधले दोन घाणेरडे. एवढं दिसलं की मीटर हातात घेण्याआधी प्लग डोळ्यांसमोर धरावा. पारदर्शक प्लगमधून रंग वाचले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला अगदी नेटका क्रम. दोन्ही टोकांना तोच, त्यामुळे टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागणार. पण आरजे ४५ च्या जोड्या क्रमाने नसतात. १ आणि २ ही एक जोडी, ३ आणि ६ दुसरी, ४ आणि ५ तिसरी, ७ आणि ८ चौथी. टी५६८बी पद्धतीत क्रम असा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळ्या जोडीला मध्ये घेऊन बसते.

चुकीच्या क्रमात काय घडतं ते तारेपर्यंत जाऊन पाहू. चॅनेल २ पिन ३ आणि ६ वर आहे, म्हणजे त्याची एक तार पांढरी-हिरवी आणि दुसरी निळी. चॅनेल ३ पिन ४ आणि ५ वर, म्हणजे हिरवी आणि पांढरी-निळी. आता केबलच्या पोटात हिरवी तार पांढऱ्या-हिरव्याला सत्तर मीटरभर वेढे घालत जाते, आणि पांढरी-निळी तार निळीला. म्हणजे तबल्याची धन बाजू फूट माइकच्या एका तारेला बिलगलेली आणि ऋण बाजू दुसऱ्या तारेला. बरोबर जोडीत शेजारचा संकेत दोन्ही तारांवर सारखा पडून वजा होतो. इथे तो दोन तारांवर उलट-सुलट पडतो आणि मिक्सर त्याला खरा संकेत समजून वाढवतो. डिमरचंही तेच: जोडीतल्या दोन तारा वेगवेगळ्या पिळात असल्याने व्यत्यय दोघींवर सारखा बसत नाही. फूट माइकला गेन जास्त द्यावा लागतो, म्हणून आधी तिथे ऐकू आलं. पीळ वाया गेला की कॅट ६ आणि साधी सुटी तार यांत फार फरक उरत नाही.

हा दोष सातत्य तपासणाऱ्या टेस्टरवर कधीच दिसत नाही, कारण प्रत्येक पिन समोरच्या पिनला पोचलेलीच असते. नॅनोफॅरड मोजणारा साधा मल्टिमीटर मात्र पकडतो. दुसरं टोक मोकळं ठेवायचं आणि चारही जोड्यांची धारकता मोजायची. ७० मीटरला बरोबर जोडी साडेतीन ते चार नॅनोफॅरडच्या दरम्यान दाखवते आणि चारही आकडे एकमेकांजवळ असतात. ३-६ आणि ४-५ चे आकडे बाकी दोघींपेक्षा ठळकपणे कमी आले, तर जोडी फुटलेली आहे. कुठल्याही भिंतीतल्या तयार केबलवर ऑडिओ चढवण्याआधी ही दोन मिनिटांची मोजणी करावीच.

दोन्ही टोकं कापून टी५६८बी क्रमाने नवे प्लग लावले. प्लगच्या तोंडाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू दिला नाही. १५० ओहमचा प्लग पुन्हा चॅनेल २ वर, पुन्हा चाट: हेडफोनमध्ये काही नाही. डिमर अर्ध्यावर: घरघर गेली. प्रयोग तीन चॅनेलवर पार पडला.

कायमची व्यवस्था करायची म्हटल्यावर केबलच बदलावी लागली, आणि त्याचं कारण प्लग कापतानाच दिसलं होतं. तारेचा छेद तांबूस नव्हता, आत चंदेरी होता. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. बाजारात कॅट ६ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ पेट्यांत हेच असतं, पण कॅट ६ च्या प्रमाणांत ते बसत नाही. तिथे तार शुद्ध तांब्याचीच हवी. ओळखायचे दोन मार्ग. ब्लेडने खरवडून पाहायचं, किंवा एका टोकाला जोडी शॉर्ट करून दुसऱ्या टोकाला रोध मोजायचा. ७० मीटर २३ गेज तांब्याला ९.४ ओहम, एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत १० च्या जरा वर. मुलाम्याच्या तारेला सुमारे १५. मीटरच्या लीडचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करायला विसरू नये.

पंधरा ओहमने आवाज बिघडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. बिघडतो तो जोड. अ‍ॅल्युमिनियम दोन-चार वेळा वाकवलं की तुटतं, आणि प्लगच्या पात्याने मुलामा कापला की आतल्या धातूवर ऑक्साइडचा थर धरतो. माइकचा संकेत काही मिलिव्होल्टचा. असला थर फोडायची ताकद त्याच्यात नसते. मग खरखर सुरू होते, आणि ती नेमकी पावसाळ्यातल्या दमट प्रयोगात.

नवी केबल घेतली ती फॉइल शिल्ड आणि ड्रेन वायर (फॉइलला लागून जाणारी उघडी तार) असलेली, शुद्ध तांब्याची, एकसंध तारेची कॅट ६. भिंतीतल्या कायमच्या मार्गाला एकसंध तारच योग्य. रंगमंचावर मात्र ती आणू नये. विंगेतल्या भिंतीवर सॉकेट ठेवलं आणि तिथून पेटीपर्यंतचे १० मीटर बहुपदरी, मऊ, शिल्ड असलेल्या केबलचे. हिच्यावर पाय पडणार, ती रोज गुंडाळली जाणार. बहुपदरी तारेला बहुपदरीचाच प्लग लागतो. एकसंधचा प्लग लावला तर पाती तंतूंना नीट धरत नाहीत. भिंतीपासून पेटीपर्यंतचे सगळे सॉकेट धातूच्या कवचाचे आणि कुलूप बसणारे इथरकॉन घेतले, कारण साध्या आरजे ४५ ची प्लॅस्टिकची जीभ नेपथ्याच्या हलवाहलवीत पहिल्यांदा मोडते. मार्गही बदलला: आधीची केबल डिमरच्या तारांसोबत एकाच ट्रेमधून गेली होती. नवी अर्धा मीटर दूर ठेवली आणि जिथे छेद द्यावा लागला तिथे काटकोनात दिला.

पेट्यांची जोडणी अशी. प्रत्येक जोडीतली पांढऱ्या पट्ट्याची तार एक्सएलआरच्या पिन २ ला, भरीव रंगाची पिन ३ ला. नारिंगी जोडी चॅनेल १, हिरवी २, निळी ३, तपकिरी ४. शिल्ड चारही एक्सएलआरच्या पिन १ ला आणि पेटीच्या धातूला. यात एक फसवी जागा आहे. निळ्या जोडीत भरीव निळी ४ वर आणि पांढरी-निळी ५ वर असते, बाकी तिन्ही जोड्यांच्या उलट. एकाने रंग पाहून पेटी बांधली आणि दुसऱ्याने लहान क्रमांक पिन २ ला असं धरून बांधली, तर फक्त चॅनेल ३ ची फेज उलटते, म्हणजे धन आणि ऋण बाजूंची अदलाबदल होते. एकट्याने ऐकलं तर कळत नाही. शेजारच्या माइकशी मिसळलं की आवाज पोकळ होतो. तयार पेट्या घेतल्या तरी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्या पिनशः जुळतीलच असं धरू नये. पेटीच्या आतली जोडणी बहुपदरी तारेनेच करावी. एकसंध तार सोल्डरच्या कडेला धक्क्याने तुटते.

चौथा चॅनेल परत मिळाला, ऑर्गन त्यावर आला, आणि चारही चॅनेलवर नवी, मंद गुणगुण आली. ही घरघर नव्हती, ५० हर्ट्झचा गोल स्वर होता आणि डिमरशी त्याचा संबंध नव्हता. पेटी रंगमंचाच्या पुढच्या लोखंडी कडेवर टेकलेली होती. लोखंड इमारतीच्या एका अर्थिंगला, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या अर्थिंगला, मध्ये शिल्डचा पूल. पेटी उचलून हातात धरली की गुणगुण गायब. पेटीखाली रबराची पट्टी आणि लाकडी फळी ठेवली, काम झालं. शिल्ड कापायचा मोह इथे होतो. कापला तर फँटम जातो. मिक्सरच्या किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन तर कुणीही काढू नये, त्यात जिवाला धोका आहे.

शिल्ड चौघांचा सामाईक असल्याने दोष शोधणं एका बाबतीत सोपं होतं. चारही चॅनेल एकदम कडकडले किंवा सगळे फँटम एकाच वेळी गेले, तर शिल्डचा जोड पाहावा. एकच चॅनेल कडकडला तर त्याची जोडी किंवा त्याचा एक्सएलआर.

या केबलमध्ये काय घालू नये, हेही तिथल्या मंडळींनी पेटीवर लिहून ठेवलं. मॉनिटरचा परतीचा लाइन संकेत माइकांबरोबर एकाच केबलमध्ये नको: माइक आणि लाइन यांत ५० ते ६० डेसिबलचं अंतर असतं, आणि जराशी गळतीही शिट्टी वाजवायला पुरते. परतीसाठी दुसरी केबल. स्पीकरचा संकेत तर मुळीच नाही; ८ ओहमच्या स्पीकरपुढे तारेचाच ९.४ ओहम रोध उभा राहील आणि निम्म्याहून जास्त शक्ती भिंतीत जिरेल. सर्वांत गंभीर धोका कॅमेऱ्यांच्या विजेचा आहे. प्रमाणित पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देण्याची पद्धत) समोर योग्य उपकरण आहे का हे तपासून मगच वीज सोडतं, पण स्वस्त पॅसिव्ह इंजेक्टर काहीही न विचारता २४ किंवा ४८ व्होल्ट जोड्यांवर टाकतो. असा प्लग चुकून ऑडिओच्या सॉकेटमध्ये गेला तर माइक आणि मिक्सर दोन्ही जाऊ शकतात. म्हणून सॉकेट लाल रंगाचे आणि बाजूला मोठ्या अक्षरांत 'ऑडिओ, नेटवर्क नाही'.

चारऐवजी सोळा-बत्तीस चॅनेल हवे असते तर हा मार्ग निवडायचा नव्हता. तिथे डिजिटल स्टेजबॉक्स, म्हणजे माइकचा आवाज रंगमंचावरच डिजिटल करून पाठवणारी पेटी. एईएस५० या डिजिटल ऑडिओ पद्धतीची एक केबल ४८ किलोहर्ट्झला दोन्ही दिशांनी ४८ चॅनेल नेते; तिला शिल्ड आणि कवच दोन्ही टोकांना जोडलेलं लागतंच. दान्ते ही नेटवर्कवरून आवाज नेणारी पद्धत नेहमीच्या गिगाबिट स्विचवर चालते, फक्त स्विचमधली वीज बचतीची सोय बंद करावी लागते, नाहीतर घड्याळ डळमळतं आणि आवाज तुटतो. ही केबल टी५६८बी क्रमाने धड बांधलेली असल्याने उद्या ती या कामालाही येईल. चार माइकांसाठी मात्र पॅसिव्ह पेटीला वीज नको, सुरू व्हायला वेळ नको.

प्रयोगाआधीचा क्रम आता असा आहे. आधी फेडर खाली. केबल आणि माइक जोडून झाल्यावरच फँटम चालू, आणि काढताना फँटम बंद करून अर्धा मिनिट थांबायचं. चालू फँटमवर आरजे ४५ ओढला तर आठ पाती एकाच क्षणी सुटत नाहीत आणि तो असमतोल स्पीकरमध्ये स्फोटासारखा आदळतो, हॉर्नचा पडदा फाटू शकतो. मग दोन्ही फूट माइक एकमेकांना चिकटवून समोर बोलायचं: दोन्ही फेडर सारखे वर नेल्यावर आवाज भरला पाहिजे, पोकळ झाला तर फेज तपासायची. डिमर अर्ध्यावर आणून चारही चॅनेल १५० ओहमच्या प्लगवर ऐकायचे. हे चार प्लग पेटीच्या झाकणात चिकटपट्टीने लावलेले आहेत, आणि शेजारी कागदावर प्रत्येक जोडीचा रोध आणि धारकता तारखेसह लिहिलेली आहे. पुढच्या पावसाळ्यात कोणता आकडा हलला ते त्यावरून कळेल.